क्लच सुटेना : द्रवाच्या दाबाचा एक फसत फसत झालेला पाठ



आपल्या वर्गातल्या प्रयोगवह्या एकदा समोर घेऊन बसा. साहित्य, कृती, आकृती, निरीक्षण, अनुमान. सगळं जागच्या जागी. आणि एकाही वहीत एकही प्रयोग फसलेला नाही! पन्नास वह्यांत तेच निरीक्षण, तेही त्याच शब्दांत, कारण बऱ्याच वेळा प्रयोगाआधीच ते फळ्यावर आलेलं असतं. मुलं काय शिकतात? तर निरीक्षण ही बघण्याची नाही, उतरवून घेण्याची गोष्ट आहे.

आज ज्या पाठाबद्दल लिहितोय त्याची वही याच्या अगदी उलट आहे. तिच्यात अकरा नोंदी आहेत आणि त्यातल्या आठ फसल्याच्या आहेत. पाठ द्रवाच्या दाबाचा. आठवीला आपण 'बल व दाब' शिकवतो, त्याच्याच पुढचं पाऊल. साधन म्हणाल तर, शेडमध्ये उभी राहून गंजायला लागलेली एक जुनी टाटा सुमो.

गाडी कवठे महांकाळजवळच्या एका वस्तीवरची, आमच्याच नववीतल्या एका मुलाच्या वडिलांची. काही वर्षं ती वडापला होती, नंतर द्राक्षाचे बॉक्स आणि बेदाण्याची पोती वाहायला. मग एक दिवस पेडल दाबलं तरी गिअर पडेना, म्हणून ती शेडमध्ये ढकलून ठेवली ती ठेवलीच. दोन पावसाळे गेले. भंगारवाला बघून गेला होता, शिमग्यानंतर घेऊन जातो म्हणाला होता. (जाता जाता : मुलांना सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलं असं वाटतं. ते नाव सुमंत मुळगावकर या मराठी अभियंत्याच्या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलेलं आहे. 1994 साली ही गाडी बाजारात आली. वर्गात एवढं सांगितलं तरी दोन मिनिटं सगळे जागे असतात.)

त्या मुलाचे वडील मला सरळ म्हणाले, "सर, पोरगं पुस्तकात बसत नाही. दहावीला गचकलं तर गॅरेजला टाकणार हाय. आत्तापासनंच हात काळं करू द्या की." हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या पालकाकडून ऐकलेलं आहे. 'गॅरेजला टाकीन' ही आपल्याकडे शिक्षा म्हणून सांगतात, 'शेळ्या राखायला पाठवीन' सारखी. त्या मुलाच्या कानावर ते रोज पडत होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर रविवारी सकाळी दोन तास, पाच मुलं-मुली, असं ठरलं. वडिलांची अट एकच : भंगारवाला यायच्या आत गाडी सुटली तर सुटली, नाहीतर ती जाणार.

आधी थोडं यंत्र समजून घेऊ

इंजिन फिरत असतं आणि गिअर बदलायचा असतो, तेव्हा क्षणभर इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत करावी लागते. ते काम क्लचचं. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर एक प्लेट प्रेशर प्लेटने घट्ट दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की ती पकड सुटते आणि प्लेट मोकळी होते. मोटारसायकलीला हे काम एक केबल करते. सुमोसारख्या गाडीत केबल नाही, तेल आहे. पेडलपाशी एक सिलिंडर असतो, तो मास्टर. गिअरबॉक्सपाशी दुसरा, तो स्लेव्ह. मधे नळी. पेडलने वरचा दट्ट्या ढकलला की तेल खालच्या दट्ट्याला ढकलतं, तो फोर्कला ढकलतो, फोर्क बेअरिंगला, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटला. 'मास्टर सिलिंडर' म्हटलं की मुलं 'मास्तर सिलिंडर' म्हणून माझ्याकडे बघून हसायची. हसू द्यावं.

पास्कलचा नियम : बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळ्या दिशांना सारखाच पोहोचतो. आता गणित घालू. आकडे सोयीचे धरलेत, तुम्ही प्रत्यक्ष मोजून घाला. पायाने पेडलवर 100 न्यूटन बल दिलं, म्हणजे अंदाजे दहा किलोच्या वजनाएवढं. पेडल ही तरफ आहे. ती बल पाचपट करते असं धरू, म्हणजे मास्टरच्या दट्ट्यावर 500 न्यूटन. या दट्ट्याचा व्यास 20 मिलिमीटर, तर क्षेत्रफळ 314 चौरस मिलिमीटर. 500 भागिले 314, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण 1.6 न्यूटन दाब. हा वातावरणाच्या दाबाच्या सोळापट झाला! हाच दाब खाली पोहोचतो. स्लेव्हचा व्यास 25 मिलिमीटर, क्षेत्रफळ 491, तर तिथे बल मिळतं जवळजवळ 780 न्यूटन. पायाचे 100 आणि खाली 780.

इथे एखादा हुशार मुलगा विचारतोच, मग हे जास्तीचं बल फुकट आलं का? फुकट काही नाही. वरचा दट्ट्या 25 मिलिमीटर सरकला तर खालचा फक्त 16 सरकतो. 500 गुणिले 25 आणि 780 गुणिले 16 करून बघायला सांगा. जवळजवळ तेच उत्तर येतं. बल वाढलं तेवढं अंतर घटलं. हे सोळा मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत त्यातच आहे.

पहिले तीन रविवार

पेडल दाबलं तर ते थेट जमिनीला टेकत होतं आणि तिथेच राहत होतं. तेलाची टाकी कोरडी. खाली वाकून बघितलं तर स्लेव्हच्या रबरी टोपीतून ओघळ आलेला. निदान सोपं : खालच्या सिलिंडरचं रबर गेलं. किट आणायचं, रबर बदलायचं, तेल भरायचं, झालं. मुलांनी वहीत लिहिलंसुद्धा, 'काम एका दिवसाचं'.

मग हवा काढायला गेले. आपल्याकडचे मेस्त्री याला 'एअर काढणं' म्हणतात. स्लेव्हला एक छोटा निपल असतो, तो थोडा सैल करून पेडल दाबलं की आतली हवा तेलाबरोबर बाहेर येते. निपल गंजून बसला होता. त्यावर गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर थांबायला हवं होतं. पोरांना थांबवेना. आधी पाना घसरून निपलचे कोन गोल झाले, मग जोर लावला आणि निपल मुळापासून तुटला. पन्नास रुपयांच्या रबराचं काम अख्ख्या सिलिंडरवर गेलं. मिरजेला एक चक्कर, एक रविवार वाया.

नवा सिलिंडर बसला. पुन्हा एअर काढायला सुरुवात. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने निपल उघडायचा आणि मिटायचा. "दाब!" "धरलंय!" "सोड!" असं पन्नास-साठ वेळा. पेडल थोडं वर आलं, पण पिठाच्या गोळ्यावर पाय दिल्यासारखं मऊच. मुलांचं म्हणणं, नवा सिलिंडरच खराब निघाला. बघा, माणसाचं मन कसं चालतं : आपलं काम नीट आहे, वस्तूच खोटी.

हे कोडं मुलाच्या वडिलांनी सोडवलं. बाजूला ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसले होते, तिथूनच म्हणाले, "हवा धरलीया. पाइपलाइनीला धरती तशी." आपल्या भागात हे कुणाला सांगायला लागत नाही. विहिरीवरून चढावरच्या बागेला पाणी नेताना लाइनच्या उंचवट्यावर हवा अडकते, पाणी पुढे जात नाही, म्हणून तिथे एअर व्हॉल्व्ह बसवतात. तो नेहमी सगळ्यात उंच जागी, उतारावर नाही. गाडीची नळी बघितली तर वाटेत तिला एक कुबड होतं, ते निपलपेक्षा उंच. हवा तिथे आरामात बसली होती. पेडलच्या प्रत्येक दाबाला ती थोडी खाली ढकलली जायची आणि पेडल सोडलं की पुन्हा वर.

उपाय उलटा केला. मोठी सिरिंज घेतली, तिला पारदर्शक नळी लावली आणि खालच्या निपलातून तेल हळूहळू वर ढकललं. हवेला तसंही वरच जायचं असतं. टाकीतलं तेल आधी थोडं काढून घ्यावं, नाहीतर ते उतू जातं. टाकीत बुडबुडे फुटायला लागले तसं पोरं ओरडायला लागली. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

हवा एवढी का नडते, हे वर्गात नक्की करून घ्या. मघाचाच हिशोब. मास्टर एका दाबात ढकलतो 314 गुणिले 25, म्हणजे जवळजवळ 7.85 मिलिलीटर तेल. समजा नळीत फक्त 2 मिलिलीटर हवा आहे, अर्ध्या चहाच्या चमच्याहूनही कमी. दाब सोळापटीने वाढला की ती हवा आक्रसून सतराव्या हिश्शावर येते. म्हणजे 1.9 मिलिलीटर तेल नुसती हवा दाबण्यात खर्च झालं. खालच्या दट्ट्याला उरलं 5.95. तो सोळाऐवजी बारा मिलिमीटरच सरकतो. क्लच अर्धवट सुटतो आणि गिअर खरखरतो. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पुस्तकातलं हे एक वाक्य, त्याला चार मिलिमीटरची किंमत आहे.

जो प्रयोग फसूच शकत नाही

आता ज्या नोंदीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती नोंद.

पेडल घट्ट झालं त्या दिवशी मुलांनी गाडीत बसून पेडल दाबलं आणि पहिला गिअर टाकला. पडला. दुसरा टाकला, पडला. रिव्हर्सही पडला. आरडाओरडा, टाळ्या, कुणीतरी घरातून चहा आणला. वहीत नोंद झाली : 'क्लच दुरुस्त.'

गटातली एक मुलगी मात्र गप्प होती. ती म्हणाली, "सर, पेडल न दाबता टाकून बघू का?" बाकीचे हसले. तिने पेडलला पाय न लावता गिअर टाकला. पडला!

इंजिन बंद होतं. बंद गाडीत गिअर पेडलशिवायही पडतो. कधी सहज, कधी गाडी जरा पुढेमागे हलवून. त्यातून क्लच सुटला की नाही, याचा काहीच पत्ता लागत नाही. मुलांनी असा प्रयोग केला होता ज्याचं उत्तर क्लच चांगला असला तरी 'हो' आणि बिघडलेला असला तरी 'हो'. याला चाचणी म्हणता येत नाही. त्या मुलीने जे केलं त्याला विज्ञानात नियंत्रित प्रयोग म्हणतात, म्हणजे ज्या गोष्टीचा परिणाम तपासायचा आहे ती काढून बघायची. आपण ही व्याख्या लिहून देतो. आमच्या पाचही मुलांना ती आता पाठ न करता येते.

आपल्या प्रयोगशाळेतले किती प्रयोग असे आहेत, हे मोजून बघायला हरकत नाही.

त्याच मुलीने पुढे सुचवलं की पेडल दाबून घड्याळ लावून धरायचं. पहिले पंधरा सेकंद पेडल घट्ट, मग हळूहळू, दिसेल न दिसेल असं खाली जायला लागलं. मिनिटभरात जमिनीला. बाहेर कुठेही गळती नाही. म्हणजे तेल बाहेर जात नव्हतं, मास्टरच्या आतच दट्ट्याच्या रबराला चुकवून मागे येत होतं. वहीत पुन्हा एक काट मारली गेली.

रबराची वाटी

मास्टर उतरवून खोलला. दट्ट्यावरचं रबर म्हणजे एक छोटी वाटी असते. किटमधली नवी वाटी तिच्याशेजारी ठेवली तर जुनी चांगलीच फुगलेली आणि मऊ पडलेली दिसली. केव्हातरी कुणीतरी टाकीत ब्रेक ऑइलऐवजी दुसरंच तेल ओतलं असणार. ब्रेक ऑइल नावाला 'ऑइल' आहे, पण डॉट 3 आणि डॉट 4 हे ग्लायकोलपासून बनवलेले द्रव आहेत. त्यात खनिज तेल, म्हणजे इंजिन ऑइल वगैरे मिसळलं की ही रबरं फुगतात आणि सगळी प्रणालीच निकामी होते. मग नुसती वाटी बदलून भागत नाही. नळी धुवावी लागते, लवचिक होज बदलावा लागतो आणि महिन्यापूर्वी बसवलेल्या नव्या स्लेव्हचं रबरही पुन्हा बदलावं लागतं. हा खर्च ऐकून मुलाचे वडील जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "भंगारवाल्याला फोन लावू का?" मुलाने मान खाली घातली. मी काही बोललो नाही, तो निर्णय माझा नव्हता. दोन दिवसांनी सामान आलेलं दिसलं.

नवी वाटी बसवताना एकाने ती उलटी बसवली. वाटीचं तोंड दाबाच्या बाजूला हवं. उलटी बसली की तेल तिला दाबून भिंतीपासून सोडवतं आणि सरळ निघून जातं. सुलटी असली तर तेलाचा दाबच तिच्या कडा भिंतीवर दाबतो. दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट. ही एवढीशी युक्ती किती मोठी आहे, यासाठी मुलांना इतिहास सांगा.

ब्लेझ पास्कलचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 साली छापला गेला. लहान दट्ट्यावर थोडं बल देऊन मोठ्या दट्ट्यावर मोठं बल मिळवता येतं, हे त्याने लिहून ठेवलं होतं. पण इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने द्रवदाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं ते 1795 साली. मधे 132 वर्षं! नियम माहीत होता. अडचण फडक्या-चामड्याची होती. दट्ट्याभोवतीची चिंधी सैल ठेवली तर पाणी गळायचं, आवळली तर दट्ट्या अडकायचा, मागेच यायचा नाही. यावर तोड निघाली ती चामड्याच्या वाटीची, जी पाण्याच्याच दाबाने फुलून भिंतीला चिकटते आणि दाब गेला की सैल होते. याचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्ले या तरुण कारागिराला दिलं जातं. तो बारा वर्षांचा असल्यापासून कारखान्यात राबलेला, लोहारकाम करत पुढे आलेला. पास्कलचा नियम आपण मुलांना शिकवतो, मॉड्स्लेच्या वाटीचं नावही घेत नाही. माझ्या मते वाटीशिवाय नियम नुसता कागदावरच राहतो.

मेस्त्रींची पट्टी

सगळं नवं बसलं. हवा काढली, पेडल मिनिटभर धरलं, तसूभरही खाली गेलं नाही. आता खरी परीक्षा, इंजिन चालू करून. बॅटरी दुसऱ्या गाडीची लावली, इंजिन सुरू झालं. पेडल दाबून गिअर टाकला, आणि खर्रर्र! पहिल्या दिवशीपेक्षा मोठा आवाज.

त्या दिवशी मुलं खरोखर खचली. ज्याची गाडी तो मुलगा शेडच्या बाहेर जाऊन बसला. एकाने प्रस्ताव मांडला की मास्टरसुद्धा नवाच आणू. म्हणजे कळत नाही काय बिघडलंय तेव्हा अजून एक पार्ट बदलायचा. हे गॅरेजमध्येही चालतं आणि शाळेतही. मूल वाचत नाही? अजून एक वर्कबुक आणा.

हायवेकडचे एक वयस्कर मेस्त्री त्या रविवारी बोलावल्यावरून आले होते. त्यांनी कशालाच हात लावला नाही. मुलाला पेडल दाबायला सांगितलं, स्वतः खाली वाकले आणि स्लेव्हच्या दांडीशेजारी शाळेची साधी पट्टी धरली. "पंधराला एक दोरा जास्ती. तेलाचं काम झालंय. आता तेलाला शिव्या द्यायच्या न्हाईत."

बस्स, एवढंच. दांडी पूर्ण सरकते आहे, म्हणजे पेडलपासून दांडीपर्यंत सगळं ठीक. तरीही क्लच सुटत नाही, म्हणजे दोष दांडीच्या पुढे : फोर्क, बेअरिंग, प्लेट. एका मोजमापाने अर्धी गाडी संशयातून मोकळी झाली. गणितात आपण ज्याला कोटी निम्म्याने कमी करणं म्हणू, तेच. मधोमध मोजा, दोष कुठल्या अंगाला आहे बघा, मग त्या अंगाच्या मध्यावर मोजा. पालकहो, गॅरेजमध्ये चाललेलं हे काम कुठल्याही परीक्षेतल्या तर्कापेक्षा कमी नाही.

दोन पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असणार, हा मेस्त्रींचा अंदाज होता. गिअरबॉक्स त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी उतरवला. ते वजन मुलांच्या हाती द्यायचं नसतं. अंदाज खरा निघाला. प्लेट फ्लायव्हीलवर भाजून चिकटलेल्या भाकरीसारखी बसली होती. वहीत मुलाने लिहिलं : 'काय होईल असं वाटलं – प्लेट चिकटलेली. काय झालं – प्लेट चिकटलेली.' आठ फसलेल्या नोंदींनंतरचं हे बरोबर आलेलं भाकीत त्याने दोनदा अधोरेखित केलं होतं.

वर्गात हे कसं करायचं

सगळ्यांना गाडी मिळणार नाही, लागतही नाही. औषधाच्या दुकानातून 5 आणि 20 मिलिलीटरच्या बिनसुईच्या सिरिंज आणा, सलाइनच्या नळीचा तुकडा घ्या. दोन्हीत पाणी भरून जोडा. लहान दाबली की मोठी उचलते. तिच्यावर पुस्तकं ठेवून बघा. मग मुद्दाम मोठा बुडबुडा घालून तेच करा. मुलांच्या अंगठ्याला फरक कळतो, तो कुठल्याही आकृतीतून कळत नाही. त्यानंतर नळीला मधेच कुबड द्या आणि बुडबुडा कसा काढायचा ते त्यांच्यावरच सोपवा. उत्तर सांगू नका, वीस मिनिटं लागू द्या.

वहीला चार रकाने : काय केलं, काय होईल असं वाटलं, काय झालं, आता काय कळलं. दुसरा रकाना कृतीच्या आधी भरायचा आणि नंतर खोडायचा नाही. गुण द्यायचेच असतील तर चौथ्या रकान्याला द्या. पहिल्या आठवड्यात मुलं दुसरा रकाना नंतर भरून 'बरोबर' आणतील. सवय जुनी आहे, वेळ लागतो.

खरी गाडी हाताळणार असाल तर काही गोष्टींत तडजोड नको. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही. खाली पक्की घोडी आणि चाकांना दगड हवेत. बंद शेडमध्ये इंजिन चालवायचं नाही. ब्रेक ऑइल डोळ्यांना घातक आणि गाडीचा रंग उठवणारं, सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. उघडी राहिलेली बाटली वापरायची नाही, कारण ते हवेतली ओल शोषतं. डॉट 3 चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. जुन्या क्लच प्लेटची धूळ फुंकायची नाही, जुन्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

एक गोष्ट पालकांसाठी

आपल्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची छोटी जीप तुम्ही मोबाइलवर बघितली असेल. भंगारातल्या भागांपासून बनवलेली, किक मारून सुरू होणारी. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. हा व्हिडिओ आमच्या गटातल्या प्रत्येक मुलाने बघितला होता. पण व्हिडिओत चालणारी गाडी दिसते. ती चालण्याआधी किती वेळा चालली नाही, ते दिसत नाही. मुलांना आपण शेवटचं मिनिट दाखवतो आणि मग ती तिसऱ्या रविवारी का कंटाळतात म्हणून विचारतो.

'पुस्तकात बसत नाही' अशा त्या मुलाने क्षेत्रफळाचं सूत्र कुठे वापरलं माहीत आहे? मिरजेच्या दुकानात. दुकानदार दुसऱ्या व्यासाचा स्लेव्ह देऊ करत होता, 'चालतंय, बसतोय' म्हणत. याने तिथेच कागदावर हिशोब केला, दांडी किती कमी सरकेल ते काढलं आणि तो परत दिला. हे मला त्याच्या वडिलांनी सांगितलं. आता गॅरेजचं बोलणं ते करतात, पण 'टाकणार' हा शब्द मी परत ऐकलेला नाही. भंगारवाल्याला पाडव्यापर्यंत थांब म्हणून सांगितलंय.

स्वाध्याय

मुलांना हे प्रश्न द्या. चौथ्याचं उत्तर आमच्याकडेही अजून आलेलं नाही.

1. मास्टरचा व्यास तोच ठेवून स्लेव्हचा व्यास 25 ऐवजी 28 मिलिमीटर केला तर बल किती वाढेल आणि दांडी किती कमी सरकेल?

2. पेडल झटपट दोन-तीनदा मारलं की गिअर पडतो, एकदाच दाबलं तर पडत नाही. नळीत काय असावं?

3. पेडल दाबून धरलं की ते हळूहळू खाली जातं, पण टाकीतली पातळी तेवढीच राहते. तेल कुठून कुठे जातंय?

4. नवी प्लेट बसवल्यानंतर आमची सुमो वस्तीपासून हायवेपर्यंत जाऊन आली. पण पंधरा दिवसांत टाकीतलं तेल बोटभर उतरलंय. गाडीखाली एकही थेंब नाही. तुम्ही सगळ्यात आधी कुठे बोट लावून बघाल, आणि का?